जुना आठ

"हा आरसा कुणी तोडला, बाबा?"

वडील अंगणात गाडीच्या बॉनेटवर ओले फडके फिरवत होते. मान न वळवता त्यांनी विचारले, "कुठला?"

"डावा. लोंबतोय बघा."

अंधारात भिंत धरून चालावे तसे एक हात गाडीच्या अंगावरून सरकवत ते वळसा घालून आले. आरशाची काच नव्हतीच. नुसती प्लास्टिकची टोपी एका वायरीच्या आधाराने लोंबत होती. त्यांनी ती बोटांनी चाचपली, उचलून डोळ्यांसमोर धरली आणि सोडून दिली.

"कुणीतरी मारून गेलं असणार. हल्ली लोक कसेही चालवतात."

"कधी?"

"उभी असताना. आणखी कधी?"

लेकीने ती टोपी उलटून बघितली. टोपीवर हिरव्या रंगाचा ओरखडा होता. आईला ठेवले होते त्या शुश्रूषा केंद्राचे फाटक हिरवे होते, आणि वडील तिथे गुरुवारी गेले होते. आज सोमवार. म्हणजे चार दिवस ते बिनआरशाची गाडी चालवत होते. आरसा मोडल्याचे तिला काही वाटले नाही. गाड्यांचे आरसे मोडतात. पण तो मोडल्याचे त्यांना कळलेच नव्हते. हजारो माणसांना 'आरशात बघितलं नाही' म्हणून घरी पाठवणारा हा माणूस.

वडील एकतीस वर्षे परवाना कार्यालयात परीक्षक होते. लोक गाडी चालवून दाखवायचे आणि ते डावीकडच्या सीटवर मांडीवर फळी घेऊन बसायचे. परीक्षेच्या मैदानाबाहेर टपऱ्या टाकून बसलेल्या दलालांनी त्यांचे नाव ठेवले होते 'नापासराव'. ते त्यांच्या कानावर आले होते, आणि त्यांना ते मनातून आवडतही असावे, कारण घरी ते सांगताना त्यांची मिशी हलायची. वशिला चालायचा नाही. कुणाची चिठ्ठी आली की ते ती नीट वाचायचे, चार घड्या घालायचे आणि मैदानाच्या कडेच्या बाकाखाली सरकवायचे. त्या बाकाचा एक पाय आखूड होता. "रिटायर होईपर्यंत बाक अगदी लेव्हलला आला," असे ते सांगत.

त्या मैदानावरचा आठ त्यांचा होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी कंत्राटदाराने फक्कीने काढलेला आठ वाकडा निघाला, म्हणून त्यांनी स्वतः दोन खुंट्या ठोकल्या, दोरी धरली आणि दोन गोल आखले. पुढे रोज सकाळी शिपाई त्याच खुंट्यांवरून फक्की मारायचा. गाडी पहिल्या गोलातून निघून मधल्या फुलीवरून दुसऱ्या गोलात जायची, रेघ न ओलांडता. शिकाऊ माणसे मान खाली घालून रेघ बघत बसायची आणि हमखास चुकायची. नापास झालेल्याला ते सांगत, "आठ जमिनीवर शोधायचा नाही. लांब बघायचं. पाण्याची टाकी, मग कचेरीची तिसरी खिडकी, मग ते झाड, परत टाकी. हात आपोआप वळतात."

नापास करायचीही त्यांची एक रीत होती. कचेरीत जाऊन यादी लावणे त्यांना पटायचे नाही. गाडी बंद करायला सांगायची, समोर बघत कारण सांगायचे, एकदाच. मग किल्ली काढून बरोबर आलेल्या माणसाच्या हातात द्यायला लावायची.

अशी एक किल्ली तिच्या आईनेही दिली होती. लग्नाला दोन वर्षे झाली होती, दुसरे परीक्षक त्या दिवशी रजेवर होते आणि आईचा नंबर नेमका नवऱ्यापुढे आला. आईने सगळे छान केले, आठही काढला. शेवटी कडेला थांबवलेली गाडी परत रस्त्यावर घेताना आरशात बघितले नाही. वडिलांनी गाडी बंद करायला सांगितली. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी कुठेतरी बाहेर जायचे होते तेव्हा ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "चला, ड्रायव्हर." पुन्हा तिने परीक्षा दिली नाही. तेव्हापासून वडिलांनी घरच्या माणसाची परीक्षा घ्यायची नाही असा स्वतःपुरता नियम केला, आणि लेकीची वेळ आली तेव्हा तिला चाळीस किलोमीटर लांबच्या कचेरीत पाठवले. 'ड्रायव्हर' ही घरातली थट्टा मात्र टिकली. रुसवा गेला, लेक झाली, लेकीचे लग्न झाले, तरी बाहेर निघताना आई चपला घालत म्हणायचीच, "झालं का ड्रायव्हर तुमचं?"

मग आईचे सगळे हळूहळू पुसत गेले. आधी शेजाऱ्यांची नावे, मग स्वयंपाक, मग लेक. शेवटी नवराही पुसला गेला. थट्टा तेवढी राहिली, पण तिला आता ती थट्टा वाटत नव्हती. वडील दर गुरुवारी चारला केंद्रावर जात, तिला मागच्या सीटवर बसवून तळ्याच्या रस्त्याने तासभर फिरवून आणत. आठवडाभर उशीची खोळ कुरतडत बसणारी आई गाडीत बसली की शांत व्हायची, हात मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "हळू घ्या हं, ड्रायव्हर." वडील म्हणायचे, "हो, बाईसाहेब." पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा लेकीला फाटकाबाहेर जाऊन उभे राहावे लागले होते. वडील म्हणाले, "रडतेस काय? ओळखते की ती मला. नोकरी बदलली एवढंच."

म्हणूनच त्यांना परवाना टिकवायचा होता. पंचावन्नानंतर दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करायचे, सोबत डॉक्टरचा दाखला जोडायचा, आणि परीक्षकाला शंका आलीच तर तो गाडी चालवून दाखवायला सांगू शकतो, असा नियम. तारीख पुढच्या आठवड्यात होती. घरच्या जुन्या डॉक्टरांनी गप्पा मारता मारता दाखल्यावर सही केली होती. "तुमचे डोळे मी काय तपासू? तुम्ही गावाचे डोळे तपासलेत." डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मात्र वर्षापूर्वीच दोघांना समोर बसवून स्पष्ट बोलल्या होत्या. काचबिंदू. समोरचे दिसत राहील, कडेचे जात जाईल, नळीतून बघितल्यासारखे. बाहेर आल्यावर वडील म्हणाले होते, "समोरचं दिसतंय ना? गाडी समोरच जाते."

त्या सोमवारी दुपारी वडील आडवे झाल्यावर ती मागच्या दारी गेली आणि बारके काकांना फोन लावला.

बारके हे त्यांचे आडनाव नव्हते. बाविसाव्या वर्षी काडीसारखे अंग घेऊन ते वडिलांच्या हाताखाली लागले, तेव्हा पडलेले नाव होते ते. आता ते स्वतः मुख्य परीक्षक होते, पोटाचा घेर स्टिअरिंगला टेकत होता, तरी कचेरीत त्यांना बारके साहेबच म्हणत.

"बोला ताई. साहेब बरे आहेत ना?"

"बरे आहेत. काका, पुढच्या बुधवारी ते येतायत. लायसनसाठी."

"माहितेय की. कागद मी तयारच ठेवलेत. पाच मिनिटांत मोकळे करतो त्यांना, रांगेतसुद्धा उभं नाही करत."

"तसं नको." तिने आवाज उतरवला. "टेस्ट घ्या त्यांची."

पलीकडे कागदांची सळसळ थांबली.

"घ्या, आणि नापास करा."

"ताई, अहो, काय बोलताय?"

"कडेचं काही दिसत नाही त्यांना. केंद्राचं फाटक घासून आले आणि पत्ताच नाही. आज आरसा गेला. उद्या कुणाचं तरी पोर मध्ये येईल. मी सांगितलं तर ऐकणार नाहीत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील, नियम म्हणून."

"मी त्यांना नापास करू?" बारके काका म्हणाले. "मला बोट धरून शिकवलं हो त्यांनी." मग त्यांचा सुस्कारा ऐकू आला. "एवढी वर्षं नोकरी झाली. पास करा म्हणून रोज फोन येतात. हा असला पहिलाच."

फोन ठेवल्यावर ती मागच्या पायरीवर बसून राहिली. आपण वशिला लावला, हे तिच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला.

बुधवारी वडिलांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, बुटांना पॉलिश केले आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातले. किल्ली त्यांनी लेकीपुढे धरली. "जाताना तू चालव. परीक्षेला येणाऱ्याने मैदानापर्यंत स्वतः चालवत यायचं नसतं."

"तुमचं लायसन अजून चालू आहे की."

"तरी."

मैदान होते तिथेच होते. बाक होता. टपऱ्या वाढल्या होत्या. दलालांमधला एक म्हातारा उठून उभा राहिला, बाकीच्यांनी नुसते बघितले. पण मैदानाच्या उजव्या अंगाला, पूर्वी मोकळी जागा होती तिथे, संगणकावरच्या परीक्षेसाठी पत्र्याची लांब शेड झाली होती, आणि तिच्यापासून अंतर राहावे म्हणून जुना आठ डावीकडे पंधरा-वीस पावले सरकवला होता. नव्या आठाला फक्कीची रेघ होती आणि कडेने रबराचे नारिंगी खांब. लेकीने ते बघितले. वडिलांनीही बघितले असेल असे तिला वाटले. ते सरळ समोर बघत बारके साहेबांकडे चालले होते.

बारके साहेब पुढे आले, वाकले. वडिलांनी त्यांना खांद्याला धरून सरळ केले. "ड्युटीवर वाकायचं नाही. काय रे, दोन माणसं एकात घालून फिरतोस?"

"तुमच्या आशीर्वादाने, साहेब."

"माझा आशीर्वाद असता तर बारीक राहिला असतास."

बारके साहेब हसले, पण त्यांचे डोळे लेकीकडे गेले आणि लगेच हातातल्या फळीवर आले. "साहेब, म्हणजे, नियमात आहे म्हणून... एक चक्कर मारून दाखवाल?"

वडील क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घ्यायलाच हवी. मी घेतली असती."

आधी पंचवीस पावलांवरची नंबरप्लेट. ती त्यांनी धाडधाड वाचली, वर ती पाटी नियमापेक्षा दोन बोटे खाली बसवलीय हेही सांगितले. मग ते उजवीकडे बसले, बारके साहेब डावीकडे. परीक्षेच्या गाडीत तिसरे माणूस चालत नाही, म्हणून लेक बाकावर जाऊन बसली. बाक डुगडुगत होता. खालच्या चिठ्ठ्या कुणीतरी कधीच झाडून टाकल्या असाव्यात.

गाडी निघाली. वडिलांनी सीट पुढे घेतली होती, पाठ ताठ होती, हात दोन्हीकडे सारखे. सावकाश पहिल्या गिअरमध्ये ती मैदानाच्या मधोमध आली आणि उजवीकडे वळली. डावीकडे नारिंगी खांब उभे होते. लेकीला वाटले, ते आता वळवतील. गाडीने मोकळ्या मातीत एक गोल घ्यायला सुरुवात केली.

रांगेतली दोन पोरे हसली. "काका कुठं चाललेत? खांब इकडं आहेत की."

"गप्प बसा रे," म्हातारा दलाल म्हणाला. त्याने विडी टाकून दिली होती. "बघा नुसतं."

टाकीकडे तोंड करून गाडी वळली. मग कचेरीची तिसरी खिडकी. मग झाड. वेग कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही, चाक एकदाही अडखळले नाही. पहिला गोल पुरा करून ती आतून तिरकी आली, रिकाम्या मातीत जिथे काहीही नव्हते तिथे फुली ओलांडली आणि दुसऱ्या गोलाला लागली. दुसऱ्या गोलाची कड नव्या आठात शिरत होती. तिथला एक रबरी खांब बंपरला लागून वाकला, गाडीखालून आडवा होऊन मागे उभा राहिला. वडिलांच्या लक्षात आले नाही. खांब डावीकडे होता. गाडी जिथून निघाली होती अगदी तिथे येऊन थांबली. वाळलेल्या मातीत तिच्या मागे चाकांचा आठ उमटला होता, खुंट्या ठोकून दोरीने आखावा तसा.

इंजिन बंद झाले. दार उघडले नाही. बराच वेळ झाला तशी लेक उठून गाडीजवळ गेली. उजवी काच खाली होती.

"बोल," वडील म्हणत होते. "झाला ना आठ? मग बोलत का नाहीस?"

बारके साहेबांनी फळी छातीशी धरली होती.

"हे बघ, पास असेल तर पास म्हण. नापास असेल तर कारण सांग. मी तुला काय शिकवलंय? कारण न सांगता माणूस परत पाठवला, तर तो घरी जाऊन स्वतःला भलतंच कारण सांगतो. मग तो सुधारत नाही."

बारके साहेबांनी लेकीकडे बघितले. त्या नजरेत विनवणी होती. तिला वाटले, फोन मी केला होता. हेही मीच करायला हवे.

"बाबा," ती खिडकीशी वाकून म्हणाली, "आठ आता तिथे नाहीये."

"काय?"

"हलवलाय. शेड झाली ना, म्हणून डावीकडे घेतलाय. खांब लावलेत कडेने. नारिंगी."

वडिलांनी मान डावीकडे वळवली. पूर्ण वळवली, खांद्यासकट, आणि मग कुठे त्यांना खांब दिसले असावेत. ते एकेक खांब मोजल्यासारखे बघत राहिले.

"मग मी कुठे चालवली?"

"जिथे होता तिथे."

मैदानावर कुणाची तरी दुचाकी सुरू झाली आणि बंद पडली. वडिलांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"साहेब, मला थांबवता आलं असतं," बारके साहेब घाईने बोलू लागले. "निघतानाच सांगायला पाहिजे होतं. तोंडच उघडेना. तुम्ही गेल्यापासून असा आठ मी बघितला नाही, साहेब. एकसुद्धा नाही."

"खांब पडला का?"

"एक. वाकला नुसता."

"वाकला नुसता," वडील म्हणाले. "फळी इकडे दे."

त्यांनी ती मांडीवर घेतली, खिशातले पेन काढले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले. अक्षर पूर्वीचेच होते, फक्त रकान्यात मावले नाही. शेवटचा शब्द रेघ ओलांडून खालच्या उमेदवाराच्या ओळीत गेला. 'बाजूचे दिसत नाही. नापास.' खाली सही करायला पेन टेकवले आणि थांबले. "सही तुझी लागेल," म्हणून त्यांनी फळी परत केली.

मग किल्ली काढली आणि खिडकीतून लेकीच्या हातात दिली.

मैदानाबाहेर पडताना लेकीच्या हातात स्टिअरिंग होते. वडील डावीकडच्या सीटवर बसले होते. तिने रस्त्यावर गाडी घेताना नवा आरसा बघितला, तेव्हा ते म्हणाले, "त्याला तू फोन केला होतास."

तिने थाप मारली नाही. "हो."

"काय म्हणालीस?"

"नापास करा म्हणाले."

ते खिडकीबाहेर बघत होते. खांदे हलताना दिसले तेव्हा तिला वाटले रडतायत, आणि तिने गाडी कडेला घेतली. ते हसत होते. डोळे पुसत म्हणाले, "तुझी चिठ्ठी बाकाखाली घालायला हवी होती."

"खूप डुगडुगतोय तो."

"मग तर हवीच होती." हसू ओसरले. मग ते म्हणाले, "उद्या गुरुवार."

"मी चालवीन, बाबा."

"तुझं काही नाही गं. तू छान चालवतेस." ते थांबले. "पण मग मी कोण म्हणून बसू?"

तिने गाडी परत रस्त्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी चारला हिरव्या फाटकाशी आईला नर्सने धरून आणले. केस विंचरलेले, अंगात निळा स्वेटर. आई नेहमीप्रमाणे मागच्या दाराशी थांबली आणि आत वाकून बघितले. स्टिअरिंगवर बाई. शेजारी एक म्हातारा.

"ड्रायव्हर बदलले?"

"हो," लेक म्हणाली. "आजपासून मी."

"ते कुठे गेले?"

लेकीने वडिलांकडे बघितले. ते समोर बघत होते, हात मांडीवर. "रिटायर झाले," ते म्हणाले.

"न सांगता गेले," आई नाराजीने म्हणाली आणि बसली. दार लागले. थोडे पुढे गेल्यावर तिने वडिलांच्या सीटच्या पाठीवर टिचकी मारली. "तुम्ही कोण?"

वडिलांनी घसा साफ केला.

"मी परीक्षक. या बाई नवीन आहेत ना. नीट चालवतात का बघायला बसलोय."

"अगंबाई." आई मागे टेकली. तळे दिसू लागले. मग म्हणाली, "आमचे हे परीक्षक होते."

वडिलांनी मान मागे वळवली.

"असं?" वडील म्हणाले.

"फार कडक. मला नापास केलं होतं त्यांनी. बायकोला. आहे की नाही कमाल?"

"तुम्ही रागावलात?"

"आठ दिवस बोलले नाही. नुसतं ताट वाढायचं आणि आत जायचं. जेवायचे बिचारे खाली मान घालून."

"मग?"

"मग काय." आईने स्वेटरचे बटण लावले, काढले, परत लावले. "बरोबरच होतं त्यांचं. आरशात बघितलंच नव्हतं मी. कुणी असतं मागे तर?" आणि पुढे वाकून ती खालच्या आवाजात म्हणाली, "पण तुम्ही त्यांना सांगू नका हं. मी कबूल केलेलं नाही अजून."

"नाही सांगणार," वडील म्हणाले.

लेकीला रस्ता धूसर दिसू लागला, म्हणून तिने वेग कमी केला. समोर सायकलवाला आडवा आला तेव्हा तिने ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी शेजारी वडिलांचा उजवा पायही पायपुसणीवर दाबला गेला. गाडी थांबली. "ठीक," ते पुटपुटले. "वेळेवर."

पुढे चौदा महिने दर गुरुवारी ते तिघे तसे फिरले. लेक दोन तासांच्या अंतरावरून यायची. ग्रंथालयातल्या नोकरीत तिने आठवड्याची सुट्टी बदलून गुरुवारची घेतली होती. आई परीक्षकांना दर वेळी नव्याने भेटायची. ती नापास झाल्याची गोष्ट कधी सांगायची, कधी विसरायची. सांगितली नाही की वडील परतीच्या वाटेवर स्वतःच विषय काढायचे: "बाईसाहेब, तुम्ही कधी परीक्षा दिली होती का?"

मग फेब्रुवारीत एका पहाटे ते झोपेतून उठले नाहीत. त्यांच्या पाकिटात मुदत संपलेला परवाना होता, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. बारके साहेब आले, बाहेर चपलांपाशी उभे राहिले, आत आले नाहीत. "आता आम्ही पण संपलो, ताई," एवढेच म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला होता.

नंतरच्या पहिल्या गुरुवारी लेक गाडी धुवायच्या ठिकाणी थांबली. धुणाऱ्याने चारी पायपुसण्या काढून ओळीने मांडल्या. डावीकडच्या पुढच्या पायपुसणीवर उजव्या बाजूला वाळलेल्या मातीचा बुटाच्या टाचेएवढा ठसा होता, एकावर एक कितीतरी वेळा दाबलेला. त्याने पाण्याची नळी वळवली तशी ती म्हणाली, "ती राहू द्या. तशीच ठेवा."

चारला आई फाटकाशी आली. मागे बसली, हात मांडीवर ठेवले, पुढच्या रिकाम्या सीटकडे बघितले.

"ते परीक्षक नाही आले आज?"

"नाही."

"रजेवर?"

"हो."

"मग काय," आई म्हणाली आणि तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी ते जुने, खोडकर हसू आले, "आज आरशात नाही बघितलं तरी चालेल."

लेकीने उजवा आरसा बघितला. मग मधला. मग डावा. मागे रस्ता पार टोकापर्यंत मोकळा होता. तिने सावकाश गाडी बाहेर घेतली.